एक रुक्मिणी, दोन रुक्मिणी

पहिला फोटो आला तोच ठिपक्यांचा. एकदोन नव्हे, चांगले अकरा, काळेभोर, जागच्या जागी. शफीकने कॅमेऱ्याचा मागचा पडदा सदऱ्याच्या बाहीने पुसला, फुंकर मारली, पुन्हा पुसला. ठिपके जसेच्या तसे. खरं तर फोटो आला हेच नवल, कारण कॅमेऱ्याला भिंगच नव्हतं. भिंगाच्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण, झाकणाला मधोमध भोक, भोकावर थंड पेयाच्या डब्याचा कापलेला पत्रा, आणि त्या पत्र्याला सईदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, शिवणाच्या डबीतल्या दहा नंबरच्या सुईने पाडलेलं छिद्र. उजेडाकडे धरलं तरच दिसावं एवढंसं. तेवढ्यातून इतवारा बाजारातली अख्खी गल्ली आत आली होती: समोरचं लोखंडाचं दुकान, विजेचा खांब, खांबाला टेकलेला ऑटो. पिनहोल म्हणतात याला. इंटरनेटवर वाचून चव्वेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ तीन दिवस पत्रा घासत बसला होता आणि स्टुडिओत गिऱ्हाईक आलं तरी "थांबा जी, दोन मिनिट" म्हणत होता. वरच्या मजल्यावरून सईदा दोनदा ओरडून गेली होती, "मेरी दस नंबर की सुई किसने उठाई?" आणि हा मिठाची गुळणी धरून गप्प. ठिपके कसले, ते कळायला फार वेळ लागला नाही. धूळ. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरवर बसलेली. भिंग सताड उघडं ठेवून, म्हणजे त्यातलं उजेडाचं तोंड पुरतं मोठं करून, फोटो काढले की ती दिसत नाही, उजेडात विरून जाते. छिद्र सुईएवढं झालं की कणन्‌कण उमटतो. आणि शफीक तर जन्मभर भिंग सताड उघडं ठेवणारा. म्हणजे या कॅमेऱ्याने काढलेल्या किती लग्नांत, किती साखरपुड्यांत ही धूळ होती आणि कुणाला दिसली नाही, देव जाणे.

नेमकी त्याच दुपारी ती पोरगी आली. अठरा-एकोणीसची, खांद्याला पिशवी, भरतीच्या क्लासला जाणारी; फॉर्मला लावायला फोटो पाहिजे म्हणाली. स्टुलावर बसली, ओढणी सारखी केली, आणि हनुवटी जरा खाली घे असं शफीक सांगणार, एवढ्यात तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली आणि ती उठून उभीच राहिली.

"माय वो! हे तं आमची बाग व्हय!"

"कोनती?" शफीकने विचारलं. विचारायची गरज नव्हती. भिंतीवर मोठा फोटो तेवढा एकच होता.

"हेच जी, मोर्शीची. हे धुऱ्यावरचं झाड, याले माहा झुला होता. तुमी काढला? कवा काढला?"

"असाच. एकदा."

"आमच्यापाशी एकबी फोटो नाई बागेचा. तोडली ना आमी. आता घरचे अकोल्याले राह्यते, मी इथं मामाकडे. बाबा पाहतीन तं काय खूश होतीन! मले याची कॉपी भेटन का?"

तिचं नाव करिश्मा. बापाचं नाव खुशालराव. तेही विचारायची गरज नव्हती. "मीच नेऊन देतो अकोल्याले," असं शफीक बोलून गेला आणि आपण बोललो हे त्याला तिने पत्ता लिहून दिल्यावर कळलं. तिच्या पासपोर्ट फोटोत डोकं वरून कापलं गेलं, पुन्हा काढावा लागला. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. पोरगी मात्र हसत गेली, जाताना दारातून एकदा वळून बागेकडे पाहून गेली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संत्र्याची झाडं उभ्या उभ्या मरत होती ते वर्ष. बोअर आटल्या, खोडांतून डिंक गळायला लागला, पानं पिवळी पडली, आणि मोर्शीच्या बाजूला बागांमागून बागा सरपणाला जाऊ लागल्या. नुकसानीची पाहणी निघाली. पाहणी करणाऱ्या बाबूला बागेचा फोटो पाहिजे होता, एका बागेचा एक, फायलीला टाचायला; ते काम शफीककडे आलं. बाबूच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याने चाळीस-पन्नास बागा पालथ्या घातल्या. वाळकी झाडं, मागे पांढरं आभाळ, पुढे उभा बागवाला, झालं, चला पुढच्या बागेत. विटून गेला होता तो. स्वतःला कलावंत समजणारा माणूस, आणि हे म्हणजे कारकुनी. खुशालरावांच्या बागेत पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बाबू सावलीत बसून कागद भरू लागला. खुशालराव टोपी हातात घेऊन नुसते उभे. बोलत होत्या त्या माणिकबाई, त्यांची बायको. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, शफीकचं पिऊन होईपर्यंत थांबल्या, आणि हाताने दाखवत म्हणाल्या, "भाऊ, इकडून घ्या. हे सारी वाळून गेली पहा. ते धुऱ्यावरचं एक झाड जित्तं हाये, त्याच्याकडे पाहू नका, ते फसवते." शफीकने पाच फोटो इकडून घेतले, त्यांनी सांगितले तसे. आणि मग वळला, तर ते धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, झाड. कलत्या उन्हाची तिरीप नेमकी त्याच्यावर, फळं लगडलेली, एकेक फळ आतून उजळलेलं. त्याला राहवलं नाही. भिंग सताड उघडलं, ते झाड तेवढं रेखीव धरलं, आणि मागची अडीचशे मेलेली झाडं विरघळून अशी मऊ सोनेरी धुंद झाली की बघत राहावं. वाळक्या पानांचा तपकिरी रंगसुद्धा त्या धुंदीत भरगच्च पालवीसारखा दिसत होता. "वाहवा शफीकमियाँ!" असं तो स्वतःशीच म्हणाला होता. मोठ्याने म्हणाला होता की मनात, ते आता आठवत नाही. माणिकबाईंनी ऐकलं असेल का, हा प्रश्न मात्र पुढचे आठ दिवस त्याला सोडणार नव्हता.

सहांतला एक द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढताना त्याने सहाही समोर मांडले. पाच कुरूप. आपल्या हातून असला फोटो बाहेर जावा हे त्याला सोसेना, फायलीत का होईना. मागे स्टुडिओचा शिक्का असतो. त्याच बागेतलं झाड आहे, खोटं कुठे आहे त्यात, असं म्हणत त्याने सहावा दिला. हौसेने दिला. तीन महिन्यांनी चहाच्या टपरीवर तो बाबू भेटला. "तुमच्या त्या संत्र्याच्या फोटोनं मजा केली राजेहो," तो म्हणाला, "सायबानं फाईल उघडली, म्हने एवढी लदलेली बाग, याले कायची मदत? बुढ्याचं नावच उडालं यादीतून." आणि हसला. शफीकही हसला. आता यात लपवायचं काय, हसला तो; कप हातात होता, चार माणसं बसलेली होती, हसू आलं. मग घसा खाकरून त्याने विचारलं होतं, पुन्हा अर्ज करता येतो का. "येते ना. महिनाभर हाये अजून." महिनाभर! ते पाच फोटो कपाटात सीडीवर होते, मोर्शी दीड तासावर. आज जाऊ, उद्या जाऊ. मग लग्नसराई लागली. मग मुदत टळली, आणि टळल्यावर, खुदा माफ करे, त्याला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ म्हटलं असतं, माणूस आहे, चुकला. पण पुढच्या साली एका प्रदर्शनात त्याने तोच फोटो पाठवला, 'वऱ्हाडचं सोनं' असं नाव देऊन. पहिला नंबर आला, शाल मिळाली, फोटो मोठा होऊन भिंतीवर चढला, येणारं-जाणारं गिऱ्हाईक तोंडात बोट घालू लागलं. शफीकची खुर्ची तेवढी त्या भिंतीकडे पाठ करून मांडलेली होती. उजेड त्या बाजूने बरा येतो, असं तो सांगायचा.

करिश्मा गेल्यावर त्याने धंदा जवळजवळ वाऱ्यावरच सोडला. सकाळी ऊन आलं की गच्चीवर, दुपारी खिडकीत, ते बिनभिंगाचं खोकं घेऊन. या छिद्राची गंमत अशी की त्याच्याने काही लपवता येत नाही. जवळचं, लांबचं, सगळं सारखंच, थोडं मऊ, थोडं अंधुक. कुणाला पुढे काढावं, कुणाला धुंदीत ढकलावं, ते त्याच्या हातातच नव्हतं. उजेड इतका कमी आत यायचा की वीस-तीस सेकंद कॅमेरा हलवायचा नाही. चौकात मरणाची गर्दी, आणि फोटोत रस्ता रिकामा. चालती माणसं उमटायचीच नाहीत, कडेला बसलेली एखादी भाजीवाली तेवढी यायची. आणि ते अकरा ठिपके. पुसायचे म्हटले तर पाच मिनिटांचं काम, सामान कपाटात होतं. पुसले नाहीत. सेकंद मोजताना आपल्या तोंडून काय निघतंय हे त्याच्या तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं: "एक रुक्मिणी, दोन रुक्मिणी, तीन रुक्मिणी." अब्बांची मोजणी ती. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत अब्बा लाकडी डबा कॅमेरा तिवईवर मांडायचे, समोर चादरीवर जोडपी बसायची, आणि भिंगावरची टोपी काढून अब्बा खड्या आवाजात मोजायचे. रुक्मिणीच्या माहेरी तिच्या नावाने मोजलं की माणसं हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एका नावाला बरोबर एक सेकंद लागतो. बाया डोळे न मिटता बसायच्या, रुक्मिणीच आपल्याकडे पाहते आहे असं समजून. कधी कुणी मध्येच उठायचं, रुसवा असायचा, रडणारं पोर असायचं. लहानगा शफीक ओरडायचा, "अब्बा, बंद करो, वो उठ गई!" अब्बा टोपी लावायचे नाहीत. "उठनेवाले की मर्जी," म्हणायचे, "तू गिनती मत छोड." अशी निम्मी पुसलेली माणसं अब्बांच्या किती फोटोंत होती. शफीकने धंदा हातात घेतल्यावर ते सगळे फोटो रद्दीत घातले. आज त्यातला एक सापडावा म्हणून त्याने माळा उपसला, पण हाती फक्त तिवईचा एक पाय लागला.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी त्याने सहाही फोटो छापले, एक मोठा, पाच लहान. सईदा चहा घेऊन आली आणि टेबलाशीच थांबली.

"ये सूखी झाडां किसकी हैं?"

त्याने सांगितलं. सगळं नाही, पण बरंच सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनच भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. तिने तीन वर्षं दर शुक्रवारी त्या काचेवर फडकं मारलं होतं.

"बड़ा वाला देने जा रहे ना? और ये पाँच?"

"देखते."

"देखते-बीकते नक्को. ले के जाओ."

बसमध्ये तो खिडकीशी बसला, मांडीवर पिशवी, पिशवीत बिनभिंगाचा कॅमेरा आणि दोन पाकिटं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. काय बोलायचं ते तो जुळवत होता. माफ करा काकाजी, माझ्याकडून चूक झाली. मग ते रागावतील, दोन शिव्या देतील, आपण खाली मान घालू, आणि मोकळे होऊन परतीची बस धरू. आपण त्या शिव्यांसाठीच चाललो आहोत, हे त्याला बोरगाव मंजूच्या आसपास कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली. सांगायचंच कशाला? पोरीने फोटो मागितला, फोटो द्यावा, हसत निघून यावं. बस अकोल्यात शिरेपर्यंत लहान पाकीट त्याने दोनदा पिशवीच्या तळाशी दाबलं.

डाबकी रोडच्या आतल्या बाजूला टिनाच्या दोन खोल्या, दारात कडुलिंब, लिंबाखाली बाज. बाजेवर खुशालराव. ते दालमिलवर चौकीदारी करत, आज सुट्टी होती. माणिकबाई जनता बाजारात भाजी विकत. आताच परतल्या होत्या, आणि उरलेल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांनी शफीकला एका नजरेत ओळखलं.

"तुमी तेच ना? बाबूसंगं आल्ते तवाचे?"

"हो काकू."

"नाव नाई आलं आमचं त्या यादीत. काहून नाई आलं, ते कोनं सांगतलंच नाई." तक्रार नव्हती ती, आठवलं म्हणून सांगितलं. "बसा. पोरीनं फोन केला होता, तुमी बागेचा फोटो आनून राहिले म्हने."

शफीकने मोठं पाकीट दिलं. खुशालरावांनी फोटो बाहेर काढला, हात लांब करून धरला, मग मांडीवर ठेवला. शफीक त्यांचा चेहरा खुलायची वाट पाहत होता.

"अवं," ते बायकोला म्हणाले, "हे पाय. एवढी लदली होती?"

"ते धुऱ्यावरचं झाड व्हय," माणिकबाई मान वर न करता म्हणाल्या.

"अन् मांगं? मांगं तं सारं भरून दिसून राहिलं. हे पाय, इथंबी, इथंबी." त्यांचं बोट त्या सोनेरी धुंदीवरून फिरत होतं, एकेक झाड चाचपत. "चांगली बाग होती मंग. जित्ती होती. मंग म्या तोडली काहून?"

"अवो, वाळली होती ते."

"फोटोत कुठी वाळली?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "म्या आपल्या हातानं कुऱ्हाड घातली वो. माह्या बापानं लावलेली. अजून एक साल थांबलो असतो तं?" आणि त्यांनी शफीककडे पाहिलं, जणू बागेच्या खऱ्याखोट्याचा निवाडा याच माणसाने करावा. बसमध्ये जुळवलेल्या एकाही वाक्यात हे नव्हतं. एका फोटोने यांचं नाव खोडलं होतं, आणि आता तोच फोटो म्हाताऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालत होता. त्याने पिशवीच्या तळातून लहान पाकीट ओढलं, ते फाटलं, पाचही फोटो बाजेवर पसरले.

"नाई काकाजी. वाळलीच होती. मांगची सारी वाळली होती. मीच ते धुंद करून टाकली, फोटो चांगला दिसावा म्हनून. हे खरे आहेत."

खुशालरावांनी पहिला उचलला, दुसरा उचलला. उघडी बोडकी खोडं, डिंकाचे ओघळ, पायाशी पानांचा सडा. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "हे! हेच ते," ते म्हणाले, "पाय, कशी वाळून कोळ झाली होती. म्या म्हनत नव्हतो?" डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. "वाळलीच होती. बरं झालं बाप्पा. हे बरं झालं."

माणिकबाईंनी फडक्याला हात पुसले. पाचही फोटो गोळा केले, पत्ते पिसावे तसे एकदा वरून खाली पाहिले.

"भाऊ, हे फोटो तवा कुठी होते?"

"माह्यापाशी."

"अन् फाईलीत?"

शफीकने बाजेवरच्या मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. मग बोलतच सुटला. शिक्का, टपरी, बाबूचं हसणं, आपलं हसणं, महिनाभराची मुदत, शाल. शाल सांगायची काही गरज नव्हती, पण तीही सांगितली. माणिकबाई ऐकत होत्या. त्यांनी शिवी दिली नाही, कपाळावर हात मारला नाही. बसल्या, आणि राहिलेल्या जुड्या फडक्यात गुंडाळू लागल्या. चार वर्षांपूर्वी बागेत त्यांनी पाण्याचा तांब्या दिला होता ते शफीकला आठवलं आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"जाऊ द्या जी, झालं ते झालं," खुशालराव म्हणाले. त्यांच्यापुरतं मोठं ओझं उतरलं होतं. मघाचं बाकीचं त्यांच्या कानांत शिरलं तरी होतं की नाही कोण जाणे. "हा मोठा तुमी घेऊन जा. आमाले हे पाच राहू द्या. अन् आता आले तं आमचा दोघायचा एक काढा. ये वो, बस."

शफीकने कॅमेरा काढला, दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. "याले भिंग नाई काकाजी. बारीकसं छिद्र आहे. तीस मोजतो, तवर हालाचं नाई." माणिकबाई उठल्या, नवऱ्याने बोलावलं म्हणून आल्या, बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. हिरवं लुगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं आणि त्या छिद्राकडे सरळ पाहू लागल्या. शफीकने बटण दाबलं.

"एक रुक्मिणी. दोन रुक्मिणी. तीन रुक्मिणी." लिंबाची सावली हलत होती. खुशालराव श्वास धरून बसले होते, छाती पुढे, डोळे समोर. "नऊ रुक्मिणी. दहा रुक्मिणी." माणिकबाई उठल्या. घाई केली नाही. भाजीची टोपली उचलली, कमरेला लावली, आणि दारातून वाकून आत गेल्या. खुशालरावांना हलायचं नव्हतं; त्यांनी मान वळवली नाही. शफीकचं बोट बटणाजवळच होतं. थांबवता आलं असतं, पुन्हा बोलावता आलं असतं, काकू, एवढा एक, असं म्हणता आलं असतं. "अकरा रुक्मिणी," तो म्हणाला. आणि मोजत राहिला, बारा, तेरा, वीस, थेट तीसपर्यंत.

पडद्यावर फोटो उमटला. लिंब, टिनाची भिंत, बाजेच्या दोऱ्या, सगळं सारखंच मऊ. मध्ये खुशालराव, ताठ. त्यांच्या शेजारी एक हिरवट छाया, इतकी विरळ की तिच्यातून मागच्या टिनाच्या पन्हळी मोजता याव्यात. आणि अकरा ठिपके.

"झालं?" खुशालरावांनी श्वास सोडला, डोळे पुसले, उन्हात तो एवढासा पडदा त्यांना दिसेना. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला होता. "दोघंबी आलो ना?"

"तुमी आले, काकाजी," शफीक म्हणाला.